गोलाच्या मापाची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. हसू नका. ज्या स्टेडियमसमोर तुम्ही फोटो काढून घेता, तिथले फुटबॉलचे दोन्ही गोल तीस वर्षं माझ्या मापाने उभे राहिले. जमिनीपासून आडव्या दांड्यापर्यंत आठ फूट उंची लागते. सुताराने रंधा मारून मला बरोबर तेवढीच केली होती.

माझे धनी म्हणजे मैदानाची देखभाल करणारे काका. दर हंगामाला ते गोलाचे खांब जमिनीतल्या नळ्यांत सोडत, मला शेजारी उभी धरत आणि दांडा माझ्या डोक्याला टेकला की बोल्ट आवळत. त्यांचा माझ्यावर भारी जीव. सिमेंटच्या पायऱ्या चढताना मलाच टेकत, कबुतरं उडवायला मलाच आपटत. टोक फुटलं की चाकूने तासून छान सारखं करत. त्या लाडात मी दरवर्षी थोडी थोडी आखूड होत गेले. मला कळत होतं, पण काठीला तोंड कुठे असतं?

मग आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जाहीर झाली. यजमान शहरांच्या यादीत एकच जागा उरली होती आणि आमच्या शहराचं घोडं तिथेच अडलं होतं. नाव लागलं नाही तर मैदान मोडून गोदामं बांधायची, हे ठरल्यातच जमा होतं. काकांची लेक स्टेडियमच्याच कार्यालयात इंजिनिअर. स्पर्धेकडून मैदानाची पाहणी होणार होती, त्याच्या आदल्या दिवशी ती स्टीलची टेप घेऊन आली, तर काकांनी तिला उडवून लावलं. ही काठी तुझ्या जन्माआधीची आहे, म्हणाले. ती टेप गुंडाळून निघून गेली.

सकाळी पाहणी करणाऱ्या बाई आल्या. गवत पाहिलं, रेषा पाहिल्या, समाधानाने मान हलवली. मग त्यांनी खिशातून टेप काढून गोलाला लावली. पुन्हा लावली. दांडा दोन बोटं खाली होता. दुसऱ्या गोलाचीही तीच गत.

"हे कशाने मोजलंत?" त्यांनी विचारलं.

काका कुणावरही ढकलू शकले असते. मी त्यांच्या पाठीमागे लपवलेली होते. त्यांनी मला पुढे केलं.

"हिने. लेक टेप घेऊन आली होती, मीच ऐकलं नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. कपडे बदलायच्या खोल्या बघून अर्ध्या तासात येते, तेव्हा शेवटचं माप घेईन, असं सांगून त्या गेल्या.

शेजारीच उभ्या असलेल्या लेकीने मला गवतावर आडवी ठेवून टेप लावली आणि तिचा हात थांबला. सोळाव्या वर्षी ती याच मैदानावर अंतिम सामना खेळली होती. शेवटच्या मिनिटाला तिचा फटका दांड्याला लागून परत आला, संघ हरला आणि तिने बूट काढून ठेवले ते कायमचेच. तेव्हा मी बोटभर आखूड झालेच होते.

काकांच्याही ते ध्यानात आलं.

"बाबा, पाना द्या," ती म्हणाली. "वेळ नाही."

जॅक लावून दोघांनी एकेक खांब उचलला. तीन सुटले, चौथ्याचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. काकांनी सगळं अंग पान्यावर टाकलं. बाई मैदानात पाऊल टाकत होत्या तेव्हा तो करकरत फिरला आणि खांब वर सरकला. टेपवर आठ फूट भरले. बाईंनी कागदावर सही केली.

आमच्या शहराचं नाव यादीत लागलं. त्या संध्याकाळी कुलूप लावताना लेक एवढंच म्हणाली, "तो गोल होता, बाबा." काकांनी मान हलवली आणि बराच वेळ किल्लीच चाचपत राहिले.

मी आता सामानाच्या खोलीत पडून असते. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते जपा, पण वर्षातून एकदा ते तपासूनही बघा. काकांनी मला पोटच्या पोरीसारखं जपलं, आणि मी त्यांच्या पोरीचाच गोल खाल्ला.