एकाच गोनीचा स्टिकर

अगं ऐक तरी, डोकं फिरलंय माझं! ती भिंगारची सुमैरा हाय ना, आमच्या शेडमधी भिंत छापायचं मशीन चालवती ती? नळीतून सिमेंटचा मसाला थरावर थर पडत जातो अन् भिंत उभी ऱ्हाती, तेच मशीन. मी मागं गोन्या फोडून मिक्सरमधी टाकती. तर कर्जतच्या अंगणवाडीची भिंत सोमवारी चौथ्या थरालाच बसली. पार शेणासारखी पसरली!

वाल्मिकसर, आमचा सुपरवायझर, लगीच सुमैरावर. "मशीन पळवलं असंल. सगळं ध्यान मोबाईलमधी!" तीन दिवस तेच. काल तर म्हन्ला, "शनिवारपासून येऊ नको."

आता खरं सांगती. गोनीवर स्टिकर असतो. तो स्कॅन केला की मसाला कुठं बनला, कवा बनला, कुठल्या भिंतीत गेला, सगळं टॅबवर चढतं. गिऱ्हाईकाची अटच हाय तशी. पन गोन्या धुळीनं माखलेल्या, स्कॅन व्हता व्हत न्हाई. म्हनून सरांनी एका गोनीचा स्टिकर कापून मिक्सरलाच डकवला. गोनी कुठलीबी फोडा, टुक करून तोच स्कॅन. मीबी तेच करती, लई दिवस! अन् मागच्या आठवड्यात तर गोन्याच बिनस्टिकरच्या आल्या, सुतळीनं शिवलेल्या; सोमवारी मी त्याच फोडल्या. टॅबवर मात्र माल एक नंबर.

आज गिऱ्हाईकाच्या राजेश्वरी मॅडम आल्या. सरांनी टॅब पुढं केला. "मालात खोट न्हाई, मॅडम. पोरीची चूक."

माझं टाळकंच सरकलं. मागनं रिकामी गोनी आनली अन् टेबलावर आपटली. सरांचा शर्ट पांढराफटक!

"हिचा स्टिकर दाखवा, सर."

"निकिता, तू तुझं काम कर."

"तेच करती की! तुमी मिक्सरला डकवलाय तोच स्टिकर रोज स्कॅन करती!"

मॅडमनी यादी उघडली. "दोनशे बारा वेळा एकच गोणी फोडलीत? मग कर्जतला आधी गेलेल्या भिंतींत काय आहे?"

सर शर्ट झटकाया लागले. कुनाला ठावं हाय?

मॅडमनी सगळं काम थांबवलं. सुमैराची नोकरी वाचली. मी पळत गेले तिच्याकडं, वाटलं मिठी मारंल. ती नळी धूत हुती. मान वर न करता म्हन्ली, "तीन दिवस सगळ्यांम्होरं माझी अब्रू काढत हुता तो. तुला सोमवारीच ठावं हुतं ना?"

व्हय म्हन्ले. दुसरं काय म्हननार?