नीलांबरीतला स्पीड

इंटरनेटवाला कुलदीप तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाला, "भाभीजी, आपके कम्प्यूटर में वायरस है." मग गॅलरीत जाऊन खाली पचकन थुंकला. निशिगंधाने वाकून पाहिलं. तळमजल्यावरच्या हंसाबेनच्या एसीवर लाल ओघळ उतरत होता. तो गेल्यावर तिने त्याने हाताळलेला माऊस डेटॉलने पुसला, कीबोर्ड पुसला, दाराची कडीसुद्धा पुसली. तरी गुटख्याचा तो गोडसर वास घरात रेंगाळतच राहिला.

मीरा रोडच्या पुढे, इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या अंगाला नीलांबरी सोसायटी होती. सात मजले, अठ्ठावीस घरं. निशिगंधा आणि अभिनव लालबागची खोली विकून चार वर्षांपूर्वी तिथे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. अभिनव अंधेरीला कुरियर कंपनीत होता. निशिगंधा घरी बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करायची. सकाळी दहाला आवाजाच्या फायली यायच्या, त्या उतरवून घ्यायच्या, ऐकायच्या, टाइप करून चारच्या आत परत पाठवायच्या. हाताला वेग होता, कान तयार होता. गुडघा असो की गर्भाशय, डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलला तरी तिला कळायचं. पण फाइल उतरायलाच चाळीस मिनिटं लागली तर हाताचा वेग काय कामाचा? २००९ च्या दिवाळीनंतर दोनदा तिचं काम ऐनवेळी काढून दुसरीला दिलं गेलं. तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "एक महिना बघू आपण. नाहीतर मग थांबू या."

बिल्डिंगमध्ये इंटरनेट एकट्या कुलदीपचं. पाचशे बाराचा प्लॅन सगळ्यांनी घेतलेला. पाचशे बारा म्हणजे नक्की काय, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं.

टीव्हीखाली अभिनवच्या भावाने शारजाहून पाठवलेला प्लेस्टेशन पडलेला असायचा. निशिगंधाला त्याचा राग यायचा. एवढा मोठा काळा चकचकीत डबा, त्यावर बोटांचे ठसे, आणि रविवारी नवरा त्याच्यापुढे मांडी घालून. एका रविवारी सकाळी अभिनवला कोणा परक्याबरोबर फुटबॉल खेळायची लहर आली. नेटची वायर काढून त्याने डब्याला लावली, कुलदीपने दिलेलं नाव आणि पासवर्ड घातला, आणि डब्याने आपणहून कनेक्शन तपासलं. एकेक ओळ उमटत गेली. सगळ्यात खाली आकडा आला.

"बघ ना," अभिनव वैतागला, "चौऱ्याहत्तर! ह्यात काय बॉल सरकणार?"

निशिगंधा पोळीचं पीठ मळताना तशीच बाहेर आली. "चौऱ्याहत्तर म्हणजे?"

"स्पीड. पाचशे बारा पाहिजे. चौऱ्याहत्तर येतोय."

तिने पिठाचे हात तसेच धरून ती ओळ परत वाचली. "ह्या डब्यात वायरस असतो का रे?"

"ह्यात? छे."

तिने तिथूनच कुलदीपला फोन लावायला लावला. तो हसला. "भाभीजी, वो तो खिलौना है. और आपके घर का वायर कट गया होगा. बाकी सबका बराबर चल रहा है, किसी से भी पूछ लो."

विचारूनच घेते, असं तिने ठरवलं. सोमवारी चारला काम पाठवून झाल्यावर तिने प्लेस्टेशन टॉवेलमध्ये गुंडाळला, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर गळ्यात टाकली आणि खाली उतरली. तिची पद्धत साधी होती. डबा एकच, नेटची वायर एकच, वेळ दुपारी चार ते सहा. बदलायचं ते फक्त घर. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या टीव्हीला डबा जोडायचा, त्यांचं नाव-पासवर्ड घालायचा आणि तीनदा तपासायचं.

हंसाबेनकडे एकसष्ट आला. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मने तो एम के नेट एवुंज होय!" नेट असंच असतं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांचा मुलगा शेअरचं काम घरून करायचा आणि भाव वेळेवर दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावरच डाफरायचा. चौथ्या मजल्यावर नीरज नावाचा कॉलेजात शिकवणारा तरुण एकटा राहायचा. त्याच्याकडे अठ्ठ्याऐंशी. पाचव्यावर सत्तर. चार दिवसांत नऊ घरं झाली आणि एकाही घरात शंभर दिसला नाही. वहीत आकडे उतरवताना तिला कुलदीपचे लाल दात आठवायचे. 'बाकी सबका बराबर.' खरंच होतं की, सगळ्यांचं सारखंच सडकं.

दहावं घर सातव्या मजल्यावरच्या शशिकांतकाकांचं. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि लालबागच्या निशिगंधाच्याच चाळीतले. हे घर त्यांनीच शोधून दिलं होतं. तिच्या बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलबाहेर बाकावर रात्रंदिवस बसलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी एक टेलिफोन कंपनी बिल्डिंगमध्ये इंटरनेटची केबल टाकायला आली, तेव्हा काकांनीच अडवलं होतं. "भिंतींना भोकं पाडतील, पावसाळ्यात गळती आपण निस्तरायची," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने सगळ्यात आधी हात वर केला होता तो निशिगंधाने.

शुक्रवारी ती वर गेली तेव्हा काका महापालिकेत पाण्याच्या कामाला गेले होते. आनंदीकाकू एकट्याच होत्या. डबा बघून त्यांना कळेना.

"नेट तपासतेय काकू, सगळ्यांकडचं. काकांना सांगितलंय मी," निशिगंधा म्हणाली. सांगितलं नव्हतं. ते तोंडातून सहज निघून गेलं.

"मग ये की. सरबत करू?"

डब्याने तपासलं. आकडा आला तो निशिगंधाला आधी वाचताच आला नाही, कारण त्याच्यापुढचं एककच वेगळं होतं. एक पॉइंट नऊ, आणि पुढे केबी नाही, एमबी. म्हणजे जवळजवळ दोन हजार. तिने पुन्हा तपासलं. एक पॉइंट नऊ. वायर काढून, पुसून, परत लावली. दोन.

"चांगलं आहे ना?" काकूंनी सरबताचा पेला पुढे केला. "आमचं कधी अडतच नाही बाई. रोज दुपारी आमची लेक कृतिका मेलबर्नहून स्क्रीनवर दिसते. नातवाला दात येतायत, तर हिरडीवरचा पांढरा ठिपकासुद्धा दिसला परवा! कुलदीप मोठा गुणी मुलगा आहे. काका म्हणतात, पैसेच घेत नाही."

निशिगंधाने पेला खाली ठेवला. काकूंच्या हसऱ्या तोंडाकडे तिला बघवेना.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर कुलदीपचा लाइनमन धर्मा जिन्यातला केबलचा डबा उघडून बसलेला दिसला. धर्मा नवघर गावातला. त्याच्या बापजाद्यांची मिठागरं होती, आता हा दुसऱ्यांच्या वायरी ओढत फिरायचा. डब्यात कबुतरांची विष्ठा साचलेली, वायरींच्या गुंत्यातून झुरळं पळत होती, कोपऱ्यात कोणीतरी थुंकलेलं. ह्याच घाणीतून आपल्या घरात सगळं येतं, असं मनात येऊन तिला शिसारी आली.

"धर्मादादा, सातव्या मजल्यावर दोन मेगा आणि आमच्याकडे चौऱ्याहत्तर, असं का?"

धर्माने वर-खाली पाहिलं. "ताई, मी सांगितलं असं बोलू नका. बिल्डिंगला चार मेगाची लाइन हाय. त्यातली दोन शशीभाऊंना बांधून दिलीय. उरल्या दोनात तुमी बाकी सगली."

"का पण?"

"का म्हंजे? दुसऱ्या कंपनीची केबल आत यायची न्हाय ना. त्याच्यासाठीच तर दिलीय."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. निशिगंधाने वही उघडून एकेका घराचा आकडा वाचला. शेवटचा आकडा वाचल्यावर कुजबुज थांबली. हंसाबेन ताडकन उठल्या, "शशीभाई, आ शुं छे?" नीरज म्हणाला, "टेलिफोन कंपनीला तुम्ही का अडवलंत, ते आता नीट सांगा काका."

शशिकांतकाका सावकाश उठले. त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही. "सांगतो. पण आधी हे सांगा, ही माझ्या माघारी माझ्या घरात शिरली. माझ्या बायकोला म्हणाली, काकांना विचारलंय. मला कोणी विचारलं होतं? हिच्या बापाला मी खांदा दिला. आणि ही माझ्या घरात खोटं बोलून हेरगिरी करते."

सगळ्या माना निशिगंधाकडे वळल्या. "विचारलं होतंस का गं?" कोणीतरी म्हणालं. तिला नाही म्हणावं लागलं. तेवढ्यावरच मीटिंगचा रंग पालटला. एका खेळण्याच्या आकड्यावर एवढ्या मोठ्या माणसावर आरोप करायचे का, म्हाताऱ्या बाईला कशाला फसवायचं, घरी काम करणाऱ्या बायकांना रिकामा वेळ फार. अभिनव तिच्या शेजारीच बसला होता. तो आपल्या चपलेकडे बघत राहिला.

मीटिंग संपल्यावर जिना चढताना तिने मागे वळून पाहिलं, ते तिला जन्मभर पुरलं असतं. हंसाबेन काकांच्या कोपराशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणत होत्या, "शशीभाई, अमारा घर में भी थोडा बोल दो ना कुलदीप को." त्यांच्यामागे पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांच्यामागे आणखी एक. रांगच लागली होती. फक्त नीरज सायकलला किल्ली लावून निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तिची फाइल पाच मिनिटांत उतरली. तिला वाटलं, अर्धीच आली. उघडून बघितलं तर पूर्ण. तिने डब्याला वायर जोडली. पाचशे नव्वद. मग डबा घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. नीरज घरीच होता.

"तुझं कसं चाललंय?"

"बंदच पडल्यासारखं आहे हो, सोमवारपासून. मेलसुद्धा उघडत नाही."

त्याच्याकडे तपासलं. एकोणतीस.

संध्याकाळी अभिनव बूट काढतोय तोवर तिने विचारलं, "तू कुलदीपशी बोललास?"

"काकांशी बोललो." तो मोजे सोडवत राहिला. "त्यांनीच बोलावलं होतं. म्हणाले, झालं गेलं सोडून देऊ."

"आणि तू काय दिलंस?"

"काही नाही गं. चार ओळी लिहून दिल्या. तपासण्यात चूक झाली, गैरसमज झाला, एवढंच. तुझं काम वाचलं ना? महिना संपत आलाय."

"माझ्या वतीने लिहून दिलंस?"

"निशी, मिळतंय तर घे ना. सगळेच घेतायत."

"वरच्या नीरजचं कापून आपल्याला दिलंय, माहीत आहे तुला?"

"त्यानेही मागावं मग," अभिनव म्हणाला आणि टीव्हीपुढे मांडी घालून बसला. जरा वेळाने डबा चालू झाल्याचा आवाज आला. अभिनव परक्या कोणाबरोबर फुटबॉल खेळत होता, बॉल छान सरकत होता, आणि मधूनच तो खुशीत हसत होता. स्वयंपाकघरातून तिला त्याची पाठ दिसत होती. कुलदीप थुंकला तेव्हा आली होती तशीच किळस तिला आली. ह्या वेळी डेटॉलने पुसण्यासारखं समोर काही नव्हतं.

सकाळी तिने धर्माला बोलावून घरातली वायर मुळापासून काढायला लावली. "ताई, चांगली चाललीय की आता," तो म्हणाला. "काढा," ती म्हणाली. ऑफिसातल्या बाईंना तिने स्वतःच फोन करून काम सोडलं. मीरा रोडला एका सेंटरमध्ये तेच काम बसून करायला मिळत होतं, पगार कमी, जायला शेअर रिक्षा. तिने होकार दिला. अभिनव आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी डबा टॉवेलमध्ये गुंडाळून सातव्या मजल्यावर खेळायला गेला. काकांनीच ये म्हटलं होतं.

दोन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी आनंदीकाकू दारात आल्या. जिने उतरून दम लागला होता. निशिगंधाने खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"ते मला नीट कळलं नव्हतं गं तेव्हा. नीरज भेटला जिन्यात, त्याने समजावून सांगितलं," त्या म्हणाल्या. "कनेक्शन माझ्या नावावर आहे म्हणे. हे माझ्याशी बोलत नाहीत, तुला दार उघडलं म्हणून. बंद करायचा अर्ज मला लिहून दे. इंग्रजीत लागतो."

"काकू, नातू दिसायचा बंद होईल."

"होईल." त्यांनी पदराने मान पुसली. "रोज दीड वाजता त्याच्यासमोर बसते आणि मला ह्या बिल्डिंगमधली माणसं दिसतात. तू लिही."

"मी तुमच्याशी खोटं बोलले होते त्या दिवशी," निशिगंधा म्हणाली. "काकांना विचारलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं दार असतं तर विचारलं असतं. तुम्ही विश्वास ठेवाल हे माहीत होतं म्हणून बोलले." हे सांगताना तिला स्वतःचीच किळस आली. इतके दिवस ती दुसऱ्यांची येत होती.

"हो, ते मला वाईट वाटलं," काकू म्हणाल्या, आणि त्यावर गोड काही बोलल्या नाहीत.

निशिगंधाने अर्ज लिहिला. काकूंनी चष्मा लावून खाली मराठीत सही केली, एकेक अक्षर नीट काढून, पूर्ण नाव. मग कागदाची घडी करून त्या म्हणाल्या, "चल. कुलदीपच्या ऑफिसात देऊन येऊ. मला एकटीला तिथे जायला नको वाटतं, फार थुंकलेलं असतं."