आई कुठल्या गाडीत

रघुनंदन आणि उमाकांत या सख्ख्या भावांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं, आणि कारण काय, तर एक लग्नपत्रिका! उमाकांतच्या सौम्याच्या लग्नात थोरल्या काकाचं नाव निमंत्रकांत यायला हवं होतं. ते छापणारा विसरला की उमाकांत, हे देव जाणे, पण रघुनंदनचा समावेश ‘आणि समस्त परिवार’ या दोन शब्दांत झाला. तो लग्नाला गेला, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आला. साडेतीनशे वर्षं हे घराणं बंगळुरात राहिलं. भाजीवाल्याशी कन्नड, साहेबाशी इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी. मराठी उरली होती ती घरच्या भांडणांपुरती, आणि आता तीही बंद.

मधल्यामध्ये कसरत व्हायची ती एक्याऐंशी वर्षांच्या रत्नाबाईंची. एक महिना हेब्बाळला थोरल्याकडे, एक महिना बेळ्ळंदूरला धाकट्याकडे. ज्याच्या वाट्याला फेब्रुवारी येई, त्याच्याकडे त्या मार्चचे दोन दिवस जास्तीचे काढत. देवळातला प्रसाद वाटावा तशी ती बाई स्वतःला वाटत होती आणि कुणालाच पुरत नव्हती.

कोल्हापूरच्या अंबाबाईची ओटी दर पाच वर्षांनी दोन्ही सुनांनी मिळून भरायची, ही त्यांच्या घरची रीत. यंदा रत्नाबाईंनी दोघांनाही सांगून टाकलं, “माझ्या हातून ही शेवटची. दोघं आलात तर येते. नाहीतर मी एकटी जाऊन देवीला सांगते, पोरं होती, पण भांडून गेली.”

मग काय, निघाले. पण एका गाडीत बसायचं म्हणजे एका हवेत श्वास घ्यायचा, म्हणून गाड्या दोन. आईची वाटणी इथेही ठरलेली होती. क्यातसंद्रच्या ताटलीएवढ्या तट्टे इडलीपर्यंत उमाकांतकडे, तिथून दावणगेरेपर्यंत रघुनंदनकडे, पुढे पुन्हा उमाकांतकडे. हे वेळापत्रक परिवाराच्या ग्रुपवर आईच्या नावाने रघुनंदनच्या बायकोने, नीलिमाने टाकलं, आणि त्यावर उमाकांतच्या बायकोने, रम्याने नुसता अंगठा दाखवला.

क्यातसंद्रला दोन टेबलं धरून दोन कुटुंबांनी इडल्या खाल्ल्या. रत्नाबाईंनी एक इडली या टेबलावर खाल्ली, एक त्या टेबलावर. खाऊन झाल्यावर रघुनंदन गाडीत येऊन बसला, गाडी सुरू केली आणि बाजूच्या आरशातून पाहू लागला. आई उमाकांतच्या खिडकीशी उभी होती. आत वाकून ती त्याच्या कानाला मफलर गुंडाळत होती. पंचावन्न वर्षांच्या घोड्याला मफलर! एक मिनिट झालं, दोन झाली. आता ती त्याच्या कॉलरीची घडी सारखी करत होती. लहानपणापासून हे असंच. तो न बोलावता येणारा, म्हणून त्याला कधी कुणी बोलावलं नाही. उमाकांत रुसणारा, म्हणून सगळं घर त्याच्या मागे.

मग आई वळली. काठी टेकत त्याच्या गाडीकडे निघाली आणि तिने हात वर केला.

रघुनंदनने तो हात पाहिला. आणि गाडी काढली.

“आई आल्या?” मोबाइलमधून मान वर न काढता नीलिमाने विचारलं.

“ती तिकडेच बसली,” तो म्हणाला.

शिरा गावापर्यंत त्याला स्वतःचंच बरोबर वाटत होतं. तिला तिकडेच बसायचं होतं, बसली असेल परत जाऊन. हिरियूरला वाटलं, एक फोन करावा. पण फोन करायचा म्हणजे उमाकांतला करायचा, आणि दोन वर्षांनी पहिला शब्द आपण बोलायचा. त्यापेक्षा दावणगेरेला बघू. मनाला खोटं सांगायला माणसाला फार अक्कल लागत नाही, नुसता ताठा पुरतो.

चित्रदुर्गाला तो चहाला थांबला. दहा मिनिटांनी उमाकांतची गाडी मागे येऊन उभी राहिली. रम्या पाण्याची बाटली आणि औषधाची डबी घेऊन उतरली, रघुनंदनच्या गाडीचं मागचं दार उघडून आत डोकावली आणि तशीच नीलिमाकडे वळली.

“अक्का, आईंची दहाची गोळी राहिली होती माझ्याकडे. त्या कुठे गेल्या?”

“म्हणजे? तुमच्या गाडीत नाहीत?” नीलिमा म्हणाली.

दोन जावांमधलं दोन वर्षांतलं हे पहिलं संभाषण. उमाकांत धावत आला. त्याने डिकी उघडली, जणू आई तिथे सापडणार होती. तिथे आईची पिशवी होती आणि पिशवीत तिचा मोबाइल.

“मीच ठेवली होती ही पिशवी तुझ्या डिकीत,” उमाकांतचा आवाज चिरकला. “अण्णा, ती तुझ्याकडे यायला निघाली होती! मला ऑफिसचा फोन आला, दहा मिनिटांनी वर बघितलं तर तुझी गाडी गेलेली. मी म्हटलं, बसली.”

नीलिमाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिने बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं रघुनंदनला वाटलं.

बायकांना तिथेच बसवून दोघं भाऊ एका गाडीत बसले, उमाकांतच्या. “मी चालवतो,” उमाकांत म्हणाला. हॉटेलचं नाव दोघांनाही आठवत नव्हतं. क्यातसंद्रला प्रत्येक दुसरं हॉटेल तट्टे इडलीचंच. फोन करणार कुठे?

रस्ताभर उमाकांत स्वतःलाच बोल लावत होता. “मी तिला हात धरून तुझ्या गाडीत बसवायला हवं होतं. पन्नास पावलं नव्हती रे. आणि पत्रिकेचं सांगू? तपासायला माझ्याकडेच आली होती. मी नीट बघितली नाही. तुला फोन करून माफी मागावी म्हटलं, तर तू जेवलाच नाहीस. मग मलाही राग आला. चूक माझीच अण्णा, तेव्हाही आणि आत्ताही.”

दोन वर्षं रघुनंदनने याच वाक्याची वाट पाहिली होती. ते आता कानावर पडत होतं आणि त्याला ते नको झालं होतं. तीनदा त्याने तोंड उघडलं. सांगावं, की मी बघितलं होतं. एकदा ‘उमा’ एवढंच बाहेर आलं, आणि उमाकांत म्हणाला, “काही होणार नाही रे तिला, तू घाबरू नकोस.” उलट तोच धीर देत होता! रघुनंदनला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. डोळ्यांसमोर येत होता हायवे, त्यावरचे ट्रक आणि जवळ पैसे नाहीत, फोन नाही, अशी म्हातारी. तिला काही झालं तर आपण कुणाला काय सांगणार? तिकडेच बसली?

तिसऱ्या हॉटेलात ती सापडली. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून ती कढीपत्त्याच्या काड्यांवरून पानं ओरबाडत होती, आणि मालकीणबाई शेजारी उभी राहून तिचं सगळं घराणं ऐकत होती. उमाकांतने धावत जाऊन तिच्या मांडीवर डोकंच ठेवलं. तिच्या उजव्या तळहाताला ओल्या हळदीचा लेप होता, आणि साडी गुडघ्याशी फाटली होती.

“अज्जी पडल्या,” मालकीणबाई कन्नडमध्ये म्हणाली, आणि आणखी काहीतरी सांगणार होती.

“बाथरूममध्ये पडले,” रत्नाबाई घाईने मध्ये बोलल्या. “माझंच चुकलं. कुणाला न सांगता गेले आणि स्वल्प वेळ लागला. तुम्हाला वाटणारच मी बसले म्हणून. चला आता, सुना वाट बघत असतील.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” उमाकांत रडत रडत हसला. “सरी, ठीक आहे, चल. अण्णाच्या गाडीत तर तू बसलीच नाहीस, आता माझ्या गाडीत बस.”

झालं. संपलं होतं सगळं. आईने पांघरूण घातलं होतं, नीलिमा तोंड उघडणार नव्हती, धाकट्याने दोन्ही चुका आपल्या अंगावर घेतल्या होत्या. रघुनंदनला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते त्याला आयुष्यभर छान जमलं होतं. पण आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. उठताना तिने उमाकांतचा खांदा धरला, काठी शोधली, पदर सारखा केला, आणि हे सगळं करताना ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. त्याला शरम वाटू नये म्हणून.

“ती बाथरूमला गेली नव्हती,” रघुनंदन म्हणाला.

उमाकांत थांबला.

“ती माझ्याकडे येत होती. हात करत होती. मी आरशात बघितलं उमा, आणि गाडी काढली. नीलिमाला सांगितलं, ती तिकडेच बसली.”

मालकीणबाईला मराठी येत नव्हती, पण ती कढीपत्त्याचं ताट उचलून आत निघून गेली.

रत्नाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. “मी झाकलं होतं ना रे,” त्या हळूच म्हणाल्या. “राहू द्यायचं होतंस.” मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “मला एवढंच सांग रघू. बघितलंस, तर थांबला का नाहीस?”

अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्त झालेला, डोक्यावरचे केस गेलेला माणूस. त्याला उत्तर माहीत होतं आणि ते इतकं पोरकट होतं की उच्चारायचीही लाज वाटावी.

“वाटलं,” तो म्हणाला, “एकदा तरी तू माझ्या मागे धावावंस.”

उमाकांतने मान खाली घातली. रत्नाबाईंनी फाटक्या साडीची घडी गुडघ्यावर ओढली. तिथेही हळद होती, आणि रक्त सुकलं होतं.

“धावले की रे,” त्या म्हणाल्या. “मोठ्या रस्त्यापर्यंत धावले. तुला हाका मारत.”