टमिकाची डोकेदुखी

लेक हिमानीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आलेल्या अहिल्याकाकूंना महिनाभरात अख्खी कॉलनी ओळखू लागली. नागपुरात तीस वर्षं शाळा चालवलेली बाई गप्प कशी बसणार? इंग्रजी मोडकंतोडकं, पण बेधडक.

शेजारची टमिका हिमानीनंतर दोन आठवड्यांनी बाळंत झाली. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. चौथ्याच दिवशी ती कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यापर्यंत नेताना दिसली, तेव्हा काकू खिडकीतून म्हणाल्या, "बघ, या काळ्या बायका किती धडधाकट असतात. नाहीतर तू."

"आई, प्लीज, असं जनरलाइज नको करू," हिमानी वैतागली.

काकू बोलायला फटकळ, पण मनाने मोठ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डिंकाचे लाडू घेऊन त्या टमिकाकडे गेल्या, तर ती डोकं धरून बसलेली. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. क्लिनिकला तिने तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, झोप कमी पडतेय, गोळी घ्या.

काकूंचं निदान तयार होतं. कानात वारं गेलं! आपल्याकडे बाळंतिणीचे कान बांधतात, तसे त्यांनी स्वतःच्या ओढणीने टमिकाचे कान घट्ट बांधले आणि समाधानाने बाळाला मांडीवर घेतलं.

तेवढ्यात मिस लोरेटा आल्या. त्या डूला होत्या, म्हणजे पोटुशी असल्यापासून बाळंतपणानंतरही घरी येऊन सोबत करणारी बाई. कृष्णवर्णीय आयांसाठी वस्तीतल्याच बायकांनी हे काम उभं केलं होतं. त्यांनी आधी टमिकाचं सगळं आणि काकूंचं वाऱ्याचं निदानही ऐकून घेतलं, मग दंडाला बीपीचा पट्टा लावला. आकडा आला एकशे बहात्तर, एकशे दहा.

"हे वारं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाळंतपणानंतर बीपी असं चढलं की झटके येतात, जीवही जातो. आत्ताच्या आत्ता निघायचं."

"पण क्लिनिकने तर..." म्हणता म्हणता काकू थबकल्या. हिमानीचंही तेच क्लिनिक. बाळंतपणानंतर तिचंही डोकं दुखलं होतं, आणि एका फोनवर तासाभरात तिला बोलावून तपासलं होतं. "माझ्या मुलीला लगेच बोलावलं. हिला का नाही?"

"या देशात बाळंतपणात काळ्या बायका गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात दगावतात," लोरेटा चप्पल घालत म्हणाल्या. "आमचं दुखणं कोणी खरं मानत नाही. सगळे म्हणतात, ही धडधाकट आहे, सोसेल."

काकूंचा चेहरा उतरला. हेच शब्द त्या काल खिडकीतून बोलल्या होत्या. लेकीचं डोकं दुखलं तेव्हा त्यांनी जावयाला गाडी काढायला लावली होती आणि हिला मात्र ओढणी बांधली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काउंटरवरच्या मुलीने न बघताच सांगितलं, "नंबर येईपर्यंत बसा."

लोरेटा बोलणार, तोच बाळाला छातीशी धरून काकू पुढे सरसावल्या. आवाज थेट शाळेतला. "शी डिलिव्हर्ड फाइव्ह डेज बिफोर. बीपी वन सेव्हन्टी टू. फर्स्ट यू राइट इट. आय अॅम स्टँडिंग हियर."

मुलीने निमूट लिहिलं. दहा मिनिटांत टमिकाला आत नेऊन औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ती हसत घरी आली.

आता दर गुरुवारी काकू लोरेटांबरोबर बाळंतिणींच्या घरोघरी जातात. लोरेटांची अट एकच, पहिली दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही. पहिल्या दिवशी काकूंना जेमतेम सहा मिनिटं जमलं. हिमानीच्या मते तोही विक्रमच!

मंडळी, एखाद्या बाईच्या सोशिकपणाचं आपण कौतुक करतो आणि तिचं दुखणं ऐकायचं राहून जातं. तिला कुठे दुखतंय ते विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना. टमिकाचं बाळ आज आईच्या कुशीत आहे, ते कोणीतरी एवढं केलं म्हणून.