एका धडाची सहा डोकी

पुतळे म्हणजे राष्ट्राचा कणा, असं प्रत्येक अनावरणाच्या भाषणात सांगतात. या गोष्टीतल्या पुतळ्यांपुरतं बोलायचं तर तो कणा राष्ट्राचा नव्हता. दिवाबत्ती खात्यातल्या एका वायरमनचा होता, आणि तोही डावीकडे जरासा कललेला.

हे वायरमन आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण रस्त्यात दिव्याचा खांब दिसला की मान आपोआप वर जायची. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते सार्वजनिक कलेच्या संग्रहालयात आले आणि तिकिटाच्या खिडकीशी वाकले.

"एक द्या."

"ज्येष्ठांबरोबर येणाऱ्याला फुकट आहे," खिडकीतला माणूस म्हणाला. "दोन देऊ?"

"एकच."

"अहो आजोबा, दुसरं फुकट आहे."

"फुकट असलं तरी माणूस लागेल ना," वायरमन म्हणाले आणि एक तिकीट घेऊन आत गेले.

संग्रहालय जुन्या बस डेपोत होतं. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, सरकारं आली-गेली. त्या धामधुमीत चौकाचौकांतून जे जे उचललं गेलं ते सगळं इथे आणून ठेवलं होतं. पाणी नसलेलं कारंजं होतं. मनोरा गेलेलं मनोऱ्याचं घड्याळ होतं. त्याच्या चार तबकड्या चार वेगवेगळ्या वेळा दाखवत होत्या आणि चारही चुकीच्या होत्या. एक घोडा होता, त्याचा स्वार कोर्टात अडकला होता. एका भिंतीवरचं कामगारांच्या मोर्च्याचं चित्र करवतीने कापून आणलं होतं. मोर्च्यातले पुढचे अकरा जण तेवढे वाचले. मागचे भिंतीबरोबर पडले. पुढच्या अकरांना ते अजून कळलेलं नव्हतं. मुठी वळून ते जोरात चालले होते.

वायरमन कुठे फारसे रेंगाळले नाहीत. फक्त एका नक्षीदार दिव्याच्या खांबापाशी थांबले, वर पाहिलं आणि "बल्ब चुकीचा लावलाय" असं मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं. गेले चौदा महिने ते बहुतेक वाक्यं अशीच बोलत होते.

शेवटच्या दालनात सहा पुतळे ओळीने उभे होते. एक सेनापती, एक कवी, एक डॉक्टर, एक पूल बांधणारे इंजिनिअर आणि दोन राष्ट्राध्यक्ष. या दोन राष्ट्राध्यक्षांनी हयातीत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. इथे ते खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि दोघांचा खांदा एकच होता. वायरमनचा.

झालं होतं ते असं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एका गल्लीतला दिवा गेला म्हणून वायरमन शिडीवर चढले होते. डावा पाय पुढे, उजवा हात वर, बोटं बल्बभोवती. एवढ्यात समोरच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "हलू नकोस!"

वायरमनना वाटलं, तारेत करंट आहे. ते जागच्या जागी थिजले. पाच मिनिटांनी त्यांनी भीत भीत विचारलं, "आता हलू का?"

"अजिबात नाही," खिडकीतला माणूस म्हणाला. तो शिल्पकार होता, आणि कागदावर भराभर रेघा ओढत होता.

पुढे अकरा दिवस रजा टाकून वायरमन त्याच्या कारखान्यात उसना लांब कोट घालून उभे राहिले. तसेच, हात वर करून. शिल्पकाराने एकच शपथ घातली: हे कोणाला सांगायचं नाही. "मोठ्या माणसाच्या आत दुसराच माणूस आहे, हे लोकांना आवडत नाही," तो म्हणाला. वायरमननी शपथ पाळली. बायकोला तेवढं सांगितलं, पण बायको म्हणजे काही लोक नव्हेत.

नंतर शिल्पकाराकडे रीघ लागली. त्या काळी अनावरणाची तारीख आधी ठरायची आणि पुतळा कोणाचा ते मागाहून कळायचं. एवढ्या घाईत अख्खा माणूस कोण घडवणार? शिल्पकाराने धडाचा साचा जपून ठेवला होता. डोकं तेवढं नवीन करायचं, मानेवर बसवायचं आणि सांधा कॉलरखाली लपवायचा. अशी सहा डोकी या एका धडावर नांदली.

बस चौकातून जाताना वायरमनची बायको कोपराने ढोसायची. "बघा, बघा! इथे कसे ताठ उभे आहात. घरी माळा आवरायला सांगितला की मात्र कंबर धरते." सेनापतीच्या चौकात म्हणायची, "आज मिशा लावल्यात वाटतं?" सहा चौक होते, तिच्या टोमण्यांना तोटा नव्हता. मागच्या सीटवरच्यांना वाटे, म्हातारी सेनापतीशी बोलते आहे.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. शिल्पकार तर तिच्या कितीतरी आधी गेला होता. मग एका रविवारी परदेशातल्या मुलाचा फोन आला तेव्हा वायरमननी शपथ मोडली आणि त्याला सगळं सांगितलं.

"बाबा," मुलगा जपून म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेताय ना?"

त्याच आठवड्यात सूनबाईंचाही फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, आज वार कोणता हो?" वायरमननी वार बरोबर सांगितला, तारीखही सांगितली. पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. एखादी गोष्ट दोघांना माहीत असली की ती घडलेली असते. एकट्यालाच माहीत असली तर ती घडली होती की आपण रचली, हे विचारायचं कोणाला? रात्री आरशासमोर शर्ट काढून त्यांनी खांदा पाहिला. खांदा कललेला होता. पण म्हाताऱ्यांचे खांदे कलतातच. म्हणून ते आज आले होते. दुसरा माणूस शोधायला. एक मिळाला तरी पुरे होता.

पुतळ्यांसमोरची पाटी त्यांनी चष्मा पुसून वाचली. 'उंचावलेला उजवा हात भविष्याकडे निर्देश करतो. बोटांच्या पकडीतून भवितव्य घडवण्याची आकांक्षा दिसते. डाव्या खांद्याच्या झुकावात इतिहासाच्या ओझ्याची जाणीव आहे.'

इतिहासाचं ओझं म्हणजे बारा फुटी लाकडी शिडी होती. नऊ वर्षं डाव्या खांद्यावर वाहिलेली.

दालनाच्या कोपऱ्यात पहाऱ्यावरच्या बाई खुर्चीवर बसून शब्दकोडं सोडवत होत्या. वायरमन त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, हा मी आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यातले कुठले?"

"सगळेच."

"असं होय." बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. "काका, महिन्याला दोघं-तिघं येतात. परवा एक आले होते, म्हणे मीच तो कवी. दीड तास कविता म्हणत होते. शेवटी मीच जेवायला गेले."

"तो डोक्याबद्दल बोलत असेल. मी मानेखालचा म्हणतोय."

बाई विचारात पडल्या. "मानेखालचा अजून कोणी आला नव्हता," त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

तेवढ्यात माहिती सांगणाऱ्या मॅडम पंधरा-वीस जणांचा घोळका घेऊन आत आल्या आणि पाटीवरचंच सगळं हातवारे करून सांगू लागल्या. वायरमननी शाळेत करायचे तसा हात वर केला.

"मॅडम, ती बोटं भवितव्य वगैरे घडवत नाहीयेत. बल्ब काढतायत."

"वा, फारच छान निरीक्षण!" मॅडम म्हणाल्या. "हेच तर कलेचं वैशिष्ट्य. प्रत्येकाला तिच्यात आपलं काहीतरी दिसतं."

"आपलं काहीतरी नाही हो, मी दिसतोय. तो मीच आहे."

"अगदी बरोबर! आपण सगळेच त्यात आहोत," मॅडम म्हणाल्या. घोळक्यातल्या दोघी-तिघींना ते इतकं पटलं की त्यांनी माना डोलावल्या, आणि घोळका कारंज्याकडे निघून गेला. वायरमनना कोणी खोटं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"मनाला लावून घेऊ नका," पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या. "त्या सगळ्यांनाच 'छान निरीक्षण' म्हणतात. मी एकदा पंखा बंद आहे म्हटलं, तर मलाही म्हणाल्या."

वायरमननी हातातली पिशवी बाईंच्या खुर्चीशी ठेवली आणि जाऊन इंजिनिअर नि डॉक्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले. डावा पाय पुढे टाकला. खांदा आपोआप उतरला. उजवा हात वर गेला, बोटं वळली. अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, पण शरीराला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही.

दुसऱ्या दारातून नवे लोक आले आणि एकदम थबकले.

"अगं, हा सातवा बघ! किती हुबेहूब."

"हुबेहूब काय, श्वास घेतोय तो."

"मशीन असेल आत. हल्ली काहीही करतात."

"पाटी कुठाय याची?"

पाटी सापडेना, म्हणून एका गृहस्थांनी इंजिनिअरची पाटी वाचून वायरमनना लावली. "एकूण बावीस पूल," ते आदराने म्हणाले. त्यांच्या बायकोने वायरमनभोवती फेरी मारली. "खांदा बघा हो, काय ओझं दाखवलंय. फक्त शर्ट नको होता. शर्टाने सगळं घालवलं."

शिल्पकाराचा दंडक होता, उभं असताना तोंड उघडायचं नाही. वायरमननी उघडलं नाही. चौदा महिन्यांत इतक्या लोकांनी त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आणि एकानेही त्यांना काही विचारलं नाही. फोटो काढून झाले, लोक पुढे गेले. दालनात पुन्हा शांतता झाली. सहा जण आणि एक, सगळे वर हात करून.

पहाऱ्यावरच्या बाई मात्र उठल्या होत्या. त्या डॉक्टरांच्या मागे गेल्या, वाकल्या. मग वायरमनच्या मागे आल्या, वाकल्या. सेनापतीपर्यंत जाऊन परत आल्या.

"काका, तुमची टाच."

"तिचं काय?"

"उजवी. बोटभर वर आहे."

वायरमनना हे माहीत नव्हतं. "असेल. हात वर गेला की टाच उचलते. शिडीवर टाच टेकवून कोण उभं राहतं?"

"यांचीही वर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "सहाही जणांची, बोटभर. चार वर्षं बघतेय मी. मला वाटायचं, फरशी खाली गेलीय. दोनदा तक्रारही केली." त्या समोर आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी वायरमनच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "पाटीत टाचेचं काहीच नाही. म्हणजे वाचून कोणी नक्कल करेल म्हणावं तर तेही नाही. अहो, खरंच की तुम्हीच आहात!"

वायरमननी हात तसाच वर ठेवून मान हलवली.

"मी आत्ताच्या आत्ता मॅडमना बोलावते," बाई भराभर बोलू लागल्या. "तुमचं सगळं लिहून घ्यायला लावते. पाटी बदलायला लावते. तुमचं नाव, शिडी, बल्ब, सगळं आलं पाहिजे. घरी कोणी विश्वास ठेवत नसेल तर मी सांगते त्यांना. आणखी काय लिहायचं, काका? बोला ना!"

बसमध्ये येताना वायरमननी एक लहानसं भाषण मनात जुळवून ठेवलं होतं. त्यात शिल्पकार होता, बायको होती, सहा चौक होते. त्यांनी घसा खाकरला.

"ते सगळं मागाहून बघू, ताई," ते म्हणाले. "आधी हा हात तेवढा खाली घेऊन द्या. माझ्याच्याने येत नाहीये."