लिमात अडकलेली नेल्वा

मंगळवारी सकाळी शेजारचा विल्मार दारात आला आणि मला बघून दचकलाच.

“नेल्वा? तू लिमाला इस्पितळात आहेस ना?”

“मी तुझ्यासमोर उभी आहे, विल्मार.”

“पण ईमेलात तर...” तो ईमेलावरच ठाम.

दुपारपर्यंत सान लिबोरिओतल्या निम्म्या गावाचे फोन येऊन गेले. चाळीस वर्षं मी इथे पियानो शिकवते. माझ्या पत्त्यांच्या यादीत सगळेच. सगळ्यांना माझ्या नावानं पत्र गेलं होतं: पर्स चोरीला गेली, ऑपरेशन आहे, पैसे पाठवा, फोन करू नका.

खरं तर चूक माझीच. रविवारी ‘मेलबॉक्स भरला आहे, पासवर्ड द्या’ असा निरोप आला आणि मी मुकाट्यानं दिला. तोच पासवर्ड बँकेलाही होता.

मोन्तेविदेओहून भाची यानिना फोनवर ओरडली, “आत्या, कितीदा सांगितलं! आधी बँकेला फोन कर. मग प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड. आणि फोनवर येणारा कोड कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही!”

बँकेला फोन केला आणि संध्याकाळी ईमेलचं खातं परत मिळालं. पाठवलेली पत्रं उघडली आणि डोकंच फिरलं. झुल्मा, माझी मावसबहीण, चोराशी दोन दिवस गप्पा मारत होती. मावशीच्या शिलाई यंत्रावरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद. चोर तिला लिहीत होता, ‘लाडके, तुझीच आठवण येते.’

मी फोन लावला. “झुल्मा, तो चोर होता!”

ती म्हणाली, “वाटलंच. तू मला कधी लाडके म्हणायचीस?”

“पैसे पाठवलेस?”

“पाठवले. बहीण इस्पितळात पडली तर हात बांधून बसू?”

मी चप्पल शोधायला लागले.

“आणि तो कोडही दिला,” ती हळूच म्हणाली. “फोनवर आला होता. तू मागितलास ना.”

“झुल्मा!”

चप्पल घातली आणि चार गल्ल्या ओलांडून तिच्याकडे गेले. तिचंही खातं गेलेलं. यानिनाला स्पीकरवर ठेवून आम्ही दोघी खपलो. मध्येच झुल्माला चोराला खडसावून एक ओळ लिहायची होती.

“एक अक्षर लिहायचं नाही!” यानिना स्पीकरवरून ओरडली. “ उत्तर दिलंस की तो आणखी चिकटेल.”

खातं मिळालं. पैसे मात्र गेलेच, बँकेनं तसं स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, ‘माते’चा कडू चहा ओतून घेतला आणि म्हणाला, “बरं. हे सगळं ईमेलनं पाठवून द्या.”

झुल्मानं खुर्ची ओढली आणि बसली. “कागद द्या,” ती म्हणाली. “आम्हाला घाई नाही.”