बाईंसाठी पाच मिनिटं

टकळीचं खरं नाव आता फक्त हजेरीपटात उरलं होतं. साडेचार वर्षांची ती पोरगी सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागायची आणि झोपेतही मधूनमधून चालू व्हायची, म्हणून बाबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दोघंही दिवसभर बारीक, मुकाट्याचं काम करून घरी यायचे आणि टकळीच्या तावडीत सापडायचे.

बालवाडीचं वर्ष संपत आलं आणि बाईंना काय द्यायचं हा प्रश्न निघाला. आईने या प्रश्नाचा धसकाच घेतला होता. गेल्या वर्षी तिने मोठ्या हौसेने एक कप दिला होता, ‘जगातल्या सर्वांत छान बाईंना’ असं लिहिलेला. पुढे एकदा पालकसभेत शाळेच्या मावशींनी ब्रश काढायला कपाट उघडलं, तर आत जगातल्या सर्वांत छान बाईंचे चौतीस कप. एकात ब्रश, एकात खडू, एकात मुलांच्या शर्टांची तुटलेली बटणं. त्यातला आपला कोणता, हेही आईला ओळखता येईना.

म्हणून यंदा स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यायचं तिने ठरवलं. हाताला येत होती एकच गोष्ट. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून तिने एक कीचेन केली. गुलाबी हिरडी, हिरडीत सहा दात, एकेक दात पॉलिश केलेला.

बाबांनी ती उजेडात धरून नीट पाहिली. “काम फर्स्टक्लास आहे. पण बाईंना ही धमकी वाटेल.”

“मग तू आण काहीतरी!”

दुसऱ्या दिवशी बाबांनी एका मोडीत काढलेल्या लिफ्टचं बटण आणलं. गोल, पितळी, वर ‘३’ कोरलेलं. दाबलं की लाल दिवा लागायचा.

“बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात?” आईने विचारलं.

“कोणास ठाऊक.”

“राहत नसतील तर?”

“तर दाबू नये,” बाबा म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही.

शेवटी टकळीला विचारायचं ठरलं. ती जमिनीवर पालथी पडून कागदावर हत्तीला चष्मा लावत होती.

“टकळे, बाईंना काय आवडतं गं?”

“आम्ही गप्प बसलेलं.”

“ते झालं गं. आणखी काय आवडतं?”

टकळीने जरा विचार केला. “आणखी गप्प बसलेलं.”

आईने हे पालकांच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकलं. गंमत म्हणून कुणी घेतलंच नाही. संध्याकाळपर्यंत एकवीसच्या एकवीस घरांतून होकार आला. मुलांनी मिळून बाईंना पाच मिनिटं शांतता द्यायची. एका मुलाची आई फुलांचं दुकान चालवायची, तिने तेवढी शंका काढली, की मग रिबन कशाला बांधायची? चर्चा होऊन रिबन मुलांनाच बांधावी असं ठरलं.

आता तयारी. टकळीचा पहिला प्रयत्न बारा सेकंद टिकला. तेराव्या सेकंदाला तिने विचारलं, “झाली का पाच मिनिटं?” आईने तिच्या तोंडात पाण्याचा घोट दिला. तिने तो गिळला आणि विचारलं, “पाणी कुठे जातं?” बाबांनी घड्याळ लावून बक्षीस कबूल केलं, तर बक्षीस काय मिळणार यावरच ती अर्धा तास बोलली.

मग आईला लॅबमधली गोष्ट आठवली. “हे बघ, आजोबांचे नवे दात करताना काय करतात माहितीये? तोंडात मऊमऊ साचा घालतात आणि सांगतात, दात मिटून बसा. मध्येच बोललं की साचा बिघडतो. आजोबांना वाकडे दात मिळतात.”

टकळीचे डोळे विस्फारले. तिने तोंडात काहीतरी घातल्यासारखं केलं, जबडा मिटला आणि भिंतीला टेकून बसली. एक मिनिट. दोन. चार. पाच मिनिटं झाल्यावर बाबांनी टाळ्या वाजवल्या, तरी ती बसूनच. सातव्या मिनिटाला तिने तो साचा अलगद काढून आईच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने ही विद्या अख्ख्या वर्गाला शिकवली.

भेट द्यायच्या दिवशी वेळ बघायला आईला नेमलं होतं. हातात घंटी घेऊन ती वर्गाच्या खिडकीबाहेर मावशींच्या शेजारी उभी राहिली. आत एकवीस मुलं गळ्यात निळी रिबन बांधून बसली होती. बाई खुर्चीवर बसल्या. टकळी उठली, म्हणाली, “बाई, ही तुमची भेट,” आणि परत जागेवर बसली. एकवीस जबडे मिटले.

बाईंना आधी काही कळेना. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या मिनिटाला त्या खुर्चीला टेकल्या. चौथ्या मिनिटाला त्यांची मान हळूच टेबलावरच्या रंगीत कागदांच्या गठ्ठ्यावर गेली, आणि बाई झोपल्या.

पाच मिनिटं झाली. आईने घंटी उचलली. टकळीने खिडकीकडे वळून असे काही डोळे वटारले की आईचा हात तिथल्या तिथे थांबला.

“उठवू का त्यांना?” आईने मावशींच्या कानात विचारलं.

“नका हो,” मावशी कुजबुजल्या. “त्यांच्या डोक्यावरच्या घरात आठ महिने ड्रिलिंग चाललंय. फरशा काढतात, परत बसवतात, परत काढतात. माणूस झोपणार कधी?”

आईने लॅबला मेसेज केला, ‘शाळेत अडकले आहे.’ कशात, ते लिहायला तिला सुचलं नाही.

नऊला सुरू झालेली भेट दहा वाजले तरी चालूच होती. मुलं पायाच्या बोटांवर चालत शूला जाऊन आली. डबे उघडले ते झाकणावर तळहात दाबून. बिस्किटं कुणी चावली नाहीत, सगळ्यांनी चोखून संपवली. एका मुलाला शिंक येत होती, तर शेजारच्या दोघांनी त्याचं नाक धरून ठेवलं. बाई आता घोरू लागल्या होत्या.

साडेदहाला तपासणीवाले साहेब आले. बालवाड्यांची तपासणी त्यांच्याकडे होती आणि ते न कळवता येत. दारात येऊन त्यांनी घसा साफ केला मात्र, एकवीस बोटं एकवीस ओठांवर गेली. साहेब इतके दचकले की समोर होती त्या खुर्चीवर बसले. ती मुलांची होती, प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना हात असलेली.

थोड्या वेळाने त्यांनी वहीत काहीतरी लिहून पान, दबक्या पावलांनी आत आलेल्या आईसमोर धरलं. ‘ही मुलं नेहमी अशीच असतात?’

आईने खाली लिहिलं, ‘नाही. भेट आहे.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठायला गेले, तर खुर्चीही उठली. पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा उठून पाहिलं. खुर्ची काही सोडेना. त्यांनी लिहिलं, ‘मी अडकलो आहे.’

आईने बाबांना मेसेज केला. ‘ये. हत्यारं घेऊन. बूट बाहेर काढ.’

बाबा आले. माणसं अडकणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता, त्यामुळे त्यांनी काही विचारलं नाही. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून, अडकलेल्यांना देतात तसा धीर नुसत्या नजरेने दिला. मग जमिनीवर आडवे होऊन खुर्चीच्या हातांचे चार स्क्रू काढले. मुलं भोवती गोल करून पाहत होती. प्रत्येक स्क्रू टकळीने रिबनच्या घडीत झेलला, आवाज नको म्हणून. खुर्चीचा दुसरा हात सुटला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तळवे एकमेकांना न टेकवता.

साहेबांनी मग वर्गाच्या शेरेबुकात बराच वेळ काहीतरी लिहिलं, सही केली, आणि बूट हातात घेऊन निघून गेले.

बारा वाजता पालक न्यायला आले. कुणी आपल्या मुलाला हाक मारायचा अवकाश, मावशी त्याच्या तोंडावर हात ठेवत. मुलं काही उठायला तयार नव्हती. मग पालकही चपला काढून आत आले आणि जागा मिळेल तिथे मांडी घालून बसले. फुलवाल्या आई बसल्या बसल्या रडल्या. का ते त्यांना पुढेही सांगता आलं नाही. टकळीची आई मुलीशेजारी बसली. घरात इतका वेळ मुलगी गप्प असती तर तिने एव्हाना डॉक्टर गाठला असता, पण इथे तिला त्या मिटलेल्या छोट्या जबड्याकडे पाहताना वाटलं, अख्ख्या लॅबमध्ये इतकं नेटकं काम कुणी केलेलं नाही.

पाऊण वाजता बाई जाग्या झाल्या. कुणी उठवलं नाही, त्यांची झोपच पुरी झाली. गालाला एक पिवळा कागद चिकटला होता. समोर पाहतात तर एकवीस मुलं, तीसेक मोठी माणसं, सगळी जमिनीवर, सगळी गप्प, काहींचे डोळे ओले.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. “कोण गेलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोणी नाही, कोणी नाही!” आई घाईने म्हणाली. “तपासणीवाले साहेब तेवढे गेले... म्हणजे घरी गेले.”

“ते आले होते?” बाई ताडकन उठल्या. शेरेबुक ओढून त्यांनी पान उघडलं आणि वाचलं. ‘शिस्त अपूर्व. शिकवण्याची पद्धत समजली नाही, परंतु परिणामकारक आहे. खुर्च्या रुंद कराव्यात.’

बाईंनी वही मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. मग गालावरचा कागद सोलून काढत त्या आईच्या जवळ आल्या आणि अगदी कानाशी लागून म्हणाल्या, “खरं सांगा हं. मी घोरले का हो?”

“छे छे!” आई म्हणाली. “श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.”

टकळीने तोंडातला साचा काढून बाजूला ठेवला.

“घोरलात!” ती म्हणाली. “असं!” आणि तिने घोरून दाखवलं.

“असं नाही, असं!” शेजारची ओरडली.

“मध्ये शिट्टी होती!”

एकवीस साचे निघाले आणि एकवीस मुलं एकदम घोरू लागली. कुणी शिट्टीसकट, कुणी शिट्टीशिवाय, कुणी जमिनीवर आडवं होऊन. बाबांनीही भर घातली, पण ते तर आले होते अकराला, त्यांना सुरुवात काय माहीत, असं म्हणून मुलांनी त्यांना बाद केलं. बाई एकेकाचं ऐकत फिरल्या. आणि मग टेबलाला टेकून त्यांनी डोळे मिटले, तोंड जरा उघडं टाकलं आणि विचारलं, “असं? की असं?”